कापसाचा ओलावा मोजतात, रक्त कोण मोजणार?



दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून तहसीलीवर निघालेला मोर्चा आपण सर्वांनी पाहिला आहे. औषधे नाहीत म्हणून दाराला टाळे ठोकलेलेही पाहिले आहे. इमारत गळते, गाडी बंद पडली, नर्सबाई मुक्कामी राहत नाहीत, यावर ग्रामसभेत आवाज चढतो आणि चढायलाच हवा. पण प्रयोगशाळेत माणूस नाही, सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला, तपासणीचे रसायन संपले, म्हणून कोणी रस्त्यावर आल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. दवाखान्याच्या मागच्या अंगाला जी एक लहान खोली असते, जिच्या दारावर 'प्रयोगशाळा' एवढेच लिहिलेले असते, तिच्याकडे गावाचे लक्षच नाही.

आम्ही त्या खोलीत काम करणारी माणसे. कोणी प्राथमिक आरोग्य केंद्रात, कोणी जिल्ह्याच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. घरी सर्वांच्या पऱ्हाटी आणि ज्वारीच. नोकरीचे नियम आहेत म्हणून नावे देत नाही. आमचे रडगाणे गाण्यासाठी हा कागद काळा केलेला नाही. आंदोलनाने आजवर न केलेली एक मागणी यंदाच्या जिल्हा मेळाव्यात करावी, एवढ्यासाठी लिहीत आहोत.

नजरेने प्रत ठरवण्याचा धंदा

शेतकऱ्याला काट्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडर ढिगात हात घालायचा, चिमटीत रुई धरून ओढायचा आणि प्रत सांगून मोकळा व्हायचा. त्या एका शब्दावर घरची दिवाळी ठरायची. त्याविरुद्ध आपण भांडलो. नजरेने नको, मोजून ठरवा, ही मागणी आपलीच होती.

आज कापूस महामंडळाच्या केंद्रावर कापसाच्या गाडीत ओलावा मोजण्याचे यंत्र खुपसतात. ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की टक्क्यागणिक भाव कापतात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत पाठवतात. मातीचेही तसेच. २०१५ मध्ये केंद्र सरकारने मृद आरोग्य पत्रिका काढली. तीत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह अशा १२ गोष्टी मोजून लिहून मिळतात. मातीची पत्रिका निघाली, कापसाचा ओलावा मोजला गेला. जो माणूस या दोन्हींच्या मध्ये उभा राहून राबतो, त्याचे मात्र आजही नजरेनेच भागवले जाते.

पावसाळ्यात ताप येतो. तो मलेरियाचा असेल, डेंगीचा असेल, टायफॉइडचा असेल. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसने माणसे दगावली. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा हा ताप. डॉक्सिसायक्लिन नावाच्या जुन्या, स्वस्त औषधाने तो बरा होतो. पण वेळेवर ओळखला तर. बाहेरून पाहता हे सारे ताप सारखेच दिसतात. डॉक्टर कितीही हुशार असला तरी तपासणीशिवाय तो ग्रेडरच. एक इंजेक्शन, एक सलाईन, तीन रंगांच्या गोळ्या. लागू पडले तर ठीक, नाही तर जिल्ह्याला न्या. हे आपण वर्षानुवर्षे सोसतो, कारण इथेही काटा असतो आणि तो मागायचा असतो, हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

त्या खोलीत काय चालते

तंत्रज्ञ म्हणजे रक्त काढणारा माणूस, असा गावाचा समज. रक्त काढणे हे त्याचे सर्वांत सोपे काम आहे.

क्षयरोगाचे घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला की बेडका तपासायचा असतो. काचेवर तो पातळ पसरायचा, वाळवायचा, आचेवर धरून पक्का करायचा, त्यावर लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत तापवायचा, आम्लाने धुवायचा आणि निळा रंग द्यायचा. बाकी सारे निळे होते. क्षयाचा जंतू मेणकट अंगाचा असल्याने आम्लालाही लाल रंग सोडत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या शेतात लाल काड्या शोधायच्या. एकदा डोळा लावून काम होत नाही. काचेवरची १०० ठिकाणे पाहावी लागतात, तेव्हा 'जंतू नाहीत' असे लिहिता येते. शंभर ठिकाणी मिळून ९ पर्यंत काड्या दिसल्या तर त्या आकड्यानिशी नोंदवायच्या, १० ते ९९ दिसल्या तर एक अधिक, आणि एकेका ठिकाणी दहाच्या वर दिसल्या तर तीन अधिक. घाईत २० ठिकाणे पाहून 'नाही' लिहिले तर त्या कागदाच्या भरवशावर माणूस घरी जातो आणि घरातल्या लेकराबाळांना आजार वाटत फिरतो. रॉबर्ट कॉखने हा जंतू १८८२ मध्ये दाखवला. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रेही आली आहेत. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झाले. या यंत्रांवर जंतू तर कळतोच, शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही तेही कळते. पण यंत्राचे कार्ट्रिज किंवा चिप संपली, की ते यंत्र म्हणजे फ्यूज उडालेला मोटरपंप.

मलेरियाचेही तसेच. बोटाच्या रक्ताचा एक जाड आणि एक पातळ लेप घ्यायचा. जाड लेपात जंतू आहे का ते पाहायचे, पातळ लेपात कोणत्या जातीचा ते पाहायचे. जात कळली पाहिजे, कारण व्हायव्हॅक्स निघाला तर प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात, नाही तर यकृतात दडून बसलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा उठतो. फाल्सिपेरम निघाला तर वेगळा उपचार आणि तोही त्याच दिवशी, कारण तो मेंदूत जाऊन माणूस मारतो. आता विचार करा. आरोग्य सेवकाने आज घेतलेली काच तंत्रज्ञाची जागा रिकामी म्हणून शेजारच्या केंद्रात गेली, तिथल्या गठ्ठ्यात पडली आणि दहा दिवसांनी वाचली गेली, तर त्या निकालाचा उपयोग तक्त्यात आकडा भरण्यापलीकडे काय?

बायांच्या रक्ताविषयी दोन शब्द. गरोदर बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की तो पांडुरोग आणि ७ च्या खाली गेले की जिवाला धोका. पूर्वी साहलीच्या नळीत रक्ताचा तपकिरी रंग शेजारच्या काचेशी डोळ्याने जुळवून हा आकडा काढत. म्हणजे पुन्हा ग्रेडरच. आता मोजणारी यंत्रे आली आहेत. सात ग्रॅमवर बाई कापूस वेचते, निंदते, पाणी भरते आणि घरचे म्हणतात 'थकली असेल'. थकवा मोजता येतो, भावांनो. पूर्व विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात तर सिकलसेलची तपासणी लग्नाच्या आधी झाली पाहिजे. सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. पण मोहीम दिल्लीत जाहीर झाली तरी थेंब रक्त तपासायला गावाजवळ माणूसच लागतो.

पाण्याचा निकाल ग्रामपंचायतीच्या कपाटात

आमच्यातले काही पाणी तपासतात. विहिरीचे, बोअरचे, नळाचे पाणी निर्जंतुक बाटलीत भरून, थंड ठेवून, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत यावे लागते. ते येते एस.टी.ने, उन्हात तापून. तरीही आम्ही ते तपासतो आणि 'पिण्यास योग्य' किंवा 'पिण्यास अयोग्य' असे लिहून पाठवतो. तो कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात जातो. पुढे गावात हगवण लागते आणि मग सारी यंत्रणा गाड्या भरून धावत येते.

ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीवरून वर्षातून दोनदा लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे या मेळाव्याला आलेल्या किती जणांना माहीत आहे? टीसीएल पावडर ताजी असते तेव्हा तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, उन्हात पडले, की तो उडून जातो आणि उरतो तो चुना. तो विहिरीत टाकला काय आणि न टाकला काय. नळाच्या शेवटच्या टोकाच्या पाण्यात ओ.टी.चे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरीन पोचला. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी तो उरलेला हवा. हे पाहायला शास्त्रज्ञ लागत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे शिक्षण देऊन संच देण्याची तरतूद आहे. त्या महिला कोण आणि तो संच कुठे आहे, एवढे विचारले तरी पुष्कळ.

जंतू उकळून मरतात. फ्लोराइड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत, उलट पाणी आटले की वाढतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या बोअरमध्ये फ्लोराइड आहे. पाणी चवीला गोड, दिसायला काचेसारखे स्वच्छ. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५ पर्यंत, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की लेकरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, मोठ्यांची हाडे आखडतात, पाठ वाकते. पन्नाशीचा माणूस काठी घेतो आणि गाव म्हणते म्हातारपण आले. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. ते येते उकिरड्यातून, संडासाच्या खड्ड्यातून आणि आपण टाकलेल्या युरियातूनही. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या लेकराला ते घातक. हे सारे एका बाटलीभर पाण्यात कळते. तपासले तर.

फवारणी

आता मूळ मुद्द्यावर येतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते कापूस पिकवणाऱ्या माणसाला सांगायला नको. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, गुलाबी बोंडअळीची धास्ती, दमट उकाडा, बारीक तुषार उडवणारे बॅटरीचे पंप आणि दोन-तीन औषधांची मिसळण. जुलै ते ऑक्टोबर या काळात त्या एका जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मेले, शेकडो दवाखान्यात पडले, कित्येकांची नजर काही काळ गेली. चौकशी पथक नेमले गेले. शेतकऱ्याने तोंडाला फडके बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत, असे खापर त्याच्याच डोक्यावर फोडून झाले. पण एक गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. कीटकनाशकाने रक्तात किती बिघाड केला हे सांगणारी कोलिनएस्टरेज नावाची तपासणी आहे. कापसाच्या त्या जिल्ह्यात, रोगी रोज येत असताना, सरकारी रुग्णालयात तिची सोय नव्हती.

ही तपासणी काय आहे ते समजून घेऊ. आपल्या अंगात मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप जातो, तो एका रसायनाने जातो. निरोप पोचला की ते रसायन पुसून टाकणारा एक घटक असतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी फॉस्फरसवर्गी औषधे आणि कार्बामेट गटातली औषधे त्या पुसणाऱ्यालाच बांधून टाकतात. मग निरोप पुसला जात नाही. लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, जुलाब होतात, अंग फडफडते, शेवटी श्वास अडतो. अळी मरते ती अशीच आणि माणूसही. रक्तात या घटकाचे प्रमाण मोजले की विष किती चढले याचा आकडा मिळतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. माणूस लाळ गाळत आला तर तपासणीच्या निकालासाठी थांबायचे नसते. लक्षणे पाहून ॲट्रोपिन लगेच सुरू करायचे असते. आणि सर्वच औषधे या तपासणीत सापडत नाहीत. डायफेन्थिउरॉन, पायरेथ्रॉइड, इमिडाक्लोप्रिड या गटांचे विष यात दिसत नाही. म्हणूनच रोग्याबरोबर औषधाचा डबा आणि त्यावरचे लेबल आणणे फार महत्त्वाचे. लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण पाहून विष किती जहाल ते कळते आणि नाव वाचून कोणत्या जातीचे ते कळते.

मग तपासणी कशासाठी? कारण विष नेहमी एकदम चढत नाही. जूनच्या शेवटी फवारणी सुरू होते, ऑक्टोबरपर्यंत चालते. मजूर आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. प्रत्येक फवारणीत तो घटक थोडा थोडा खाली जातो. तांबड्या पेशींतला हा घटक भरून यायला महिने लागतात, कारण नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात. माणसाला डोके जड वाटते, भूक लागत नाही, तो म्हणतो ऊन लागले. एके दिवशी नेहमीइतक्याच फवारणीने तो बांधावर कोसळतो. त्या दिवशी विष जास्त नव्हते. खात्यात शिल्लकच उरली नव्हती.

ही शिल्लक आधी मोजता येते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातही कापूस होतो. तिथे १९७४ पासून नियम आहे. ही जहाल औषधे महिन्यात सहापेक्षा जास्त दिवस हाताळणाऱ्या मजुराचे रक्त हंगामाआधी तपासायचे आणि तो त्याचा मूळ आकडा म्हणून लिहून ठेवायचा. हंगामात पुन्हा पुन्हा तपासायचे. मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आला तर काम कसे चालले आहे याची पाहणी करायची. तांबड्या पेशींतला आकडा ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातला ६० टक्क्यांवर उतरला तर त्या माणसाला फवारणीवरून काढायचे आणि तो पुन्हा ८० च्या वर जाईपर्यंत दुसरे काम द्यायचे. मूळ आकडा घ्यावा लागतो, कारण हा घटक माणसामाणसात फार कमीजास्त असतो. एकाचा निरोगी आकडा दुसऱ्याचा विषबाधेचा असू शकतो.

कोणी म्हणेल, ती अमेरिका. भावांनो, रक्तद्रवातली ही तपासणी ज्या रंग मोजणाऱ्या यंत्रावर होते, तसले यंत्र साखर आणि कावीळ तपासण्यासाठी ग्रामीण रुग्णालयांतून असतेच. कमी असते ती रसायनाची कुपी, ते वापरायला शिकवलेला माणूस आणि ते वापरा असे सांगणारा हुकूम. औषध विकण्याचा परवाना गावोगावी पोचला. त्या औषधाने माणसाचे काय होते ते मोजण्याची सोय का पोचली नाही?

काचेची एक नळी

सर्व गोष्टी पैशाअभावी अडतात असेही नाही. घोणस किंवा फुरसे चावले की रक्त गोठण्याचे थांबते. ते ओळखायची तपासणी अशी. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्या, २० मिनिटे हलवू नका, मग नळी तिरपी करा. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे, प्रतिविष द्या. झाली तपासणी. ना वीज, ना यंत्र. फक्त नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत रक्त गोठायचे ते नीट गोठत नाही आणि निकाल चुकतो. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते, तिथे ही तपासणी उपयोगाची नाही, पापण्या जड झाल्या का ते पाहावे लागते. पण रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाला घोणस चावली आणि जवळच्या दवाखान्यात काचेची कोरी नळी नाही म्हणून त्याला तसाच पुढे धाडला, हे आपल्या राज्यात घडता कामा नये.

माणूस का नाही?

सपाटीवर ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात एक तंत्रज्ञ, असा सरकारचाच मापदंड आहे. जागा मंजूर असते, भरलेली नसते. एकाच तंत्रज्ञाकडे दोन-दोन केंद्रे. सोमवारी इकडे, मंगळवारी तिकडे. रोग मात्र वार पाहून येत नाही. कित्येक जण कंत्राटावर. काम कायम नोकरीवाल्याइतकेच, पगार त्याच्यापेक्षा कमी, अकरा महिन्यांनी पुन्हा अर्ज. २०२३ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले, ते याच दुखण्याने.

त्यावर दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले, तालुक्याला खाजगी लॅब आहेत की. आहेत. सरकारी की खाजगी या वादात आम्ही पडत नाही. काटा कोणाचाही असो, खरा असावा. पण खाजगी लॅबच्या पावतीत कुठे कुठे अडत दडलेली असते, ती तपासणी लिहून देणाऱ्याला जाते, हे सर्वांना माहीत आहे. मुकाट मोजणारा फक्त रोगीच. गावाजवळ फुकट आणि खरी तपासणी असेल तरच खाजगीचा दरही ताळ्यावर राहील. हा बाजाराचा साधा नियम शेतकऱ्याला आम्ही काय सांगावा?

दुसरे उत्तर, आता यंत्रे आली, माणूस कशाला? नमुना चुकीचा घेतला, नाव अदलाबदल झाले, उन्हात राहिला, तर लाखाचे यंत्रही खोटाच आकडा देते, फक्त छापून देते. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, साऱ्या देशाला कळले की तपासणीवाचून ना गाव उघडता येते ना बंद करता येते. ते दिवस सरले आणि ती खोली पुन्हा विसरली गेली.

आजार हा उत्पादन खर्च आहे

आंदोलनाने एक गोष्ट शिकवली: हिशेब मांडा. कृषी मूल्य आयोग कापसाचा खर्च काढतो, तेव्हा बियाणे, खत, मजुरी, बैल, यंत्र, व्याज, खंड धरतो. कीटकनाशकाची किंमत धरतो. ते कीटकनाशक फवारून माणूस आठ दिवस पडला, सलाईन लागले, बाईने डोरले गहाण टाकले, त्याचा रकाना त्या तक्त्यात नाही. म्हणजे अळी मारण्याचा खर्च धरला जातो, माणूस वाचवण्याचा खर्च शेतकऱ्याच्या खाजगी खात्यावर टाकला जातो.

हा रकाना मागायचा तर कागद लागेल. 'फवारणीने खूप लोक आजारी पडतात' हे आपण सभेत बोलू शकतो, आयोगापुढे ते चालत नाही. तिथे आकडा लागतो आणि आकडा प्रयोगशाळेच्या वहीत जन्मतो. ज्या तालुक्यात तपासणीच नाही, त्या तालुक्यात सरकारी दप्तरी विषबाधाही नाही.

घरातल्या माणसाच्या मृत्यूनंतरही तेच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत फवारणीतली विषबाधा आणि सर्पदंश दोन्ही येतात, मृत्यूला २ लाख रुपये आहेत. पण शवविच्छेदनाचा कागद, रासायनिक विश्लेषणाचा कागद मागतात. दवाखान्यात पहिल्या दिवशी रक्त घेतले गेले नाही, पोलिसांत नोंद झाली नाही, डबा फेकून दिला, तर विधवा बाईने कोणता पुरावा आणावा?

मेळाव्यापुढे ठेवायचे ठराव

१. जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात तंत्रज्ञाच्या मंजूर, भरलेल्या आणि रिकाम्या जागा किती, याची यादी जिल्हा परिषदेने दर तीन महिन्यांनी जाहीर करावी आणि रिकाम्या जागा भराव्यात.

२. कापसाच्या प्रत्येक तालुक्यात ग्रामीण रुग्णालयात जून ते नोव्हेंबर कोलिनएस्टरेज तपासणी फुकट व्हावी. रोजंदारीने फवारणी करणाऱ्या प्रत्येक माणसाचा मूळ आकडा हंगामाआधी घेऊन त्याला कार्डावर लिहून द्यावा.

३. प्रत्येक आरोग्य केंद्रात काचेच्या कोऱ्या नळ्या आणि सर्पदंशाचे प्रतिविष बाराही महिने असावे.

४. पाणी तपासणीचा प्रत्येक निकाल आणि गावाच्या कार्डाचा रंग ग्रामसभेत वाचून दाखवावा, चावडीवर लावावा.

५. रोग्याला त्याच्या तपासणीचा कागद मराठीत, हातात मिळावा.

६. सारखे काम करणाऱ्या कंत्राटी तंत्रज्ञाला सारखे दाम मिळावे.

७. फवारणीच्या आजाराचा खर्च आणि बुडालेले दिवस उत्पादन खर्चात धरावेत.

सरकारकडे मागायचे ते मागू. काही गोष्टी आपल्या हातातल्याही आहेत. बेडका द्यायचा तर लाळ देऊ नका, सकाळी उठल्यावर छातीतून खोकून काढा. फवारणीचा रोगी नेताना कपडे काढा, अंग साबणाने धुवा, आणि डबा पिशवीत घालून सोबत न्या. रक्त घेतले का, नोंद केली का, असे दवाखान्यात विचारा. टीसीएलचे पोते कुठे ठेवले आहे ते जाऊन पाहा. आणि तुमच्या आरोग्य केंद्रात गेल्यावर एकदा त्या मागच्या खोलीत डोकावा. दाराला कुलूप असेल तर किती महिन्यांपासून आहे ते विचारा आणि उत्तर लिहून मेळाव्याला घेऊन या.

कापसाच्या प्रत्येक क्विंटलमागे काट्यासाठी भांडणारा शेतकरी स्वतःच्या रक्ताच्या मापासाठी भांडला नाही, असे पुढच्या पिढीने म्हणू नये. यंदाच्या फवारणीला अजून अवकाश आहे. तोवर एवढे करून घेऊ.

आपले,
सरकारी प्रयोगशाळांत काम करणारे काही शेतकरीपुत्र आणि शेतकरीकन्या